शेऱ्याचा रकाना

पिंपळगव्हाणच्या शाळेत पोचले तेव्हा साडेदहा झाले होते,
माझ्या येण्याची बातमी माझ्या आधीच पोचलेली.
सड्यावरून ते कळतं.
आठवड्याला एक टँकर येतो त्या गावात
अंगण एवढं ओलं कशाला असेल?

शाल-नारळ नको म्हटलं, तर पतंगे सरांनी चहा मागवला.
फायली सुतळीनं बांधलेल्या, तारीखवार.
मी म्हटलं, आधी संडास बघू.
कुलूप.
किल्ली पार्बताबाईकडं, पार्बताबाई खिचडीपाशी,
खिचडी बाभळीखाली तीन दगडांवर,
कारण गॅसची टाकी उद्या येणार आहे.
मागच्या भेटीच्या पानावरही हाच उद्या,
माझ्याच अक्षरात.

किल्ली आली. फरशी धुतलेली.
खिडकीच्या फटीत आठवीच्या पोरींनी
कागदात गुंडाळून ठेवलेला अर्धा साबण.
साबणाला निकष नाही.
पाण्याला आहे: आहे, अंशतः, नाही.
मी अंशतःवर खूण केली.
हा शब्द मला नोकरीनं दिला, आता घरीही वापरते.
जेवलीस का? अंशतः.

सातवीच्या पटावर सव्वीस, हजर एकोणीस.
कोण वाचून दाखवेल विचारायच्या आत
अफसाना उठली.
पान एकोणचाळीस. कुठं अडखळ नाही.
स्वल्पविरामाला थांबली, उद्गारचिन्हाला भुवई उचलली.
मी पान उलटलं.
ती तशीच उभी, बोट पहिल्या शब्दावर.
बाहेरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला,
तो वळणापलीकडं जाईपर्यंत वर्गात
तेवढाच आवाज.
पतंगे सर फळा पुसू लागले.
फळा कोराच होता.

मी खाली सतरंजीवर बसले, मांडीवर तक्ता,
सतराव्या निकषापुढं क लिहिला.
समोरचं पोरगं म्हणालं,
"म्याडम, क कामून टाकायलाव?"

कागद माझ्याकडून सुलटा होता. त्याच्याकडून उलटा.
मी तो फिरवायला गेले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."
आणि वाचत गेला, तसाच, मांडी न हलवता:
"अध्ययन निष्पत्तीच्या अनुषंगाने
विद्यार्थ्यांची प्रगती..."
थांबला.
"पुढं तुमचं अक्षर हाय. ते नाही लागत."

मुंजाजी नाव. दिवाळीनंतर वीटभट्टीवरून आलेला.
तोवर पुस्तकं संपलेली.
दोघं जण मध्ये एक पुस्तक घेऊन बसायचे,
हा त्यांच्या समोर.
सबंध इतिहास, सबंध भूगोल
याच्याकडं डोक्यावर उभा राहून आला.
मी त्याच्या हातात पुस्तक दिलं, म्हटलं, सुलटं वाच.
त्यानं घेतलं आणि सवयीनं फिरवून धरलं.
"सुलटं बी येतंय," हसून म्हणाला, "जरा येळ लागतो."

"मी शिकवलं नाही म्याडम," पतंगे सर घाईनं म्हणाले,
जसं काही कुणी काच फोडली होती.
मग थोड्या वेळानं, हळू:
"पण वर्गातच शिकला."

आता हे मी कुठं भरायचं?
पुस्तक नाही, हे शाळेच्या खाती.
वाचतो, हे कुणाच्या?
तक्ता शाईनं भरायचा असतो, खाडाखोड चालत नाही.
क होता तसा राहिला.
शेऱ्याला दीड ओळ जागा.
लिहिलं: एक पुस्तक कमी, तातडीनं द्यावे.
मुंजाजीला लागावं म्हणून
अक्षर जरा बरं काढलं.

गाडीला किल्ली लावली तर अफसाना धावत आली,
ओढणीला खिचडीचे हात पुसत.
"म्याडम, फुडच्या बारीला
चाळीसावं पान इचारा."

बरं, म्हटलं मी.
आणि फाटकाबाहेर पडता पडता वाटलं,
हे म्हणायला नको होतं.