पान आठ, खालचा कोपरा

रात्री पावणेदहाला एजन्सीची बातमी येते:
युरोपातल्या एका चिमुकल्या देशात
निवडणूक होऊन सात महिने झाले,
सरकार अजून नाही.
लोकसंख्या बघतो. आपल्या करवीर तालुक्याएवढीही भरत नाही.
मला आठ ओळींत संपवायचंय.
खाली गुळाच्या अडत्याची जाहिरात आहे, ती हलत नाही.

शब्द शोधतो.
'त्रिशंकू' लिहितो. विश्वामित्राला तिथं कोण ओळखणार,
पण ना स्वर्ग ना जमीन
असं लोंबकळणं सगळीकडं सारखंच असावं.
'घोडेबाजार' लिहितो, खोडतो.
मूळ बातमीत घोडा नाही, बाजार नाही.
पाच पक्षांची माणसं एका लांब टेबलाशी बसतात
रोज, नऊ ते सहा,
आणि एकशे चाळीस पानांचा करार लिहितात.
आज पान सत्त्याण्णव. विषय: सायकलींचे रस्ते.

तेवढ्यात फोन. शालन, माझी बहीण,
पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून.
"दादा, ह्यांचा फोन अजून बंदच हाय.
म्हस व्याली. रेडी झाली. सांगायचं कुणाला?"

भाऊजी अकरा मतांनी निवडून आलेत.
नऊ जागा. चार इकडं, चार तिकडं,
आणि मधी भाऊजी.
कानातला गुलाल निघायच्या आत
दारात पांढरी गाडी उभी. 'देवदर्शन' म्हणाले.
दाढीचं सामानसुद्धा इथंच.
कुणी म्हणतं दांडेली, कुणी गणपतीपुळे.
आमचाच बातमीदार रोज 'अज्ञातस्थळी' लिहितो,
आणि मीच रोज ते शुद्ध करून पुढं पाठवतो.

त्या देशातही एक भाऊजी आहेत.
म्हणजे बाई आहेत. तीन जागांचा पक्ष.
पूर्वी वाचनालयात कामाला होत्या.
दारात पत्रकारांनी अडवलं, पाठिंबा कुणाला?
त्या म्हणाल्या, "आम्ही अजून वाचतो आहोत,"
आणि ट्रामनं घरी गेल्या.

मला हे वाक्य मथळ्यात पाहिजे होतं.
दस्तगीर शिकलगार पान लावत म्हणाला,
"साहेब, एका कॉलमात बसंना.
'सरकार रखडले' करू?"
बसलं.
ट्रामही कापली.

अकराला गंगावेशीत, दूधकट्ट्यावर.
रंगराव गवळ्यानं पेला सडाखाली धरला.
"काय विशेष आज?"
"एका देशात सात म्हैने झालं, सरकारच न्हाई."
त्यानं धार थांबवली नाही.
"रस्त्यावरचं दिवं?"
"लागत्यात."
"दवाखाना?"
"चालू."
"मग घाई कशाला करायल्यात?"

पेला गरम होता. ओठावर फेस.
मला शालनच्या गोठ्यातला चीक आठवला.
चीक दोन-तीन दिवसांचा.
तो वाटाघाटींसाठी थांबत नाही,
आणि भाऊजींना खरवस म्हणजे जीव की प्राण.

अकराव्या दिवशी भाऊजी परतले.
नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच,
खिशात हॉटेलची साबणाची वडी, रेडीएवढ्याच कौतुकानं आणलेली.
हात कुणासाठी वर केला, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि शालननं विचारलं नाही.
मी मात्र विचारलं, "काय लिहून घेतलं का त्यांच्याकडनं?"
ते माझ्याकडं बघत राहिले,
परदेशातून आलेल्या माणसाकडं बघावं तसे.
"लिहायचं काय त्यात? शब्द दिलाय."

गोठ्यात रेडी उभी राहत होती, पडत होती.
खरवस संपून आठवडा झाला होता.
त्या दिवशी तिकडं पान एकशे तीन. ते मी छापलं नाही,
जागा नव्हती.

एक राहिलंच. पहिल्या बातमीत
त्या देशाच्या नावात मी दीर्घ वेलांटी दिली होती.
ऱ्हस्व पाहिजे होती.
कुणाचाही फोन आला नाही.