रेघेच्या वर

भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला एक रेघ आहे.
दोनदा रंग दिला, तरी उमटतेच.
पेंटर म्हणाला, "नदीचं पाणी ओ, भिंतीनं पिलंय ते."
त्या सालापासून माल रेघेच्या वर.
मिक्सर, इस्त्र्या, शेगड्या, सगळं वर.
फ्रीज तेवढे खाली उभे. त्यांना कोण कडेवर घेणार?

हरभट रोडला अकरा वाजता माझं शटर चढतं.
पहिलं गिऱ्हाईक किंमत विचारत नाही.
मिक्सर उलटा करतं, नंबराचा फोटो काढतं,
म्हणतं, "घरात विचारून येतो."
घर बहुधा लांब असावं.
महिन्याभरानं येतो, पिशवीत तोच मिक्सर, दुसरीकडचा.
"कपलर असेल का? तीस रुपयाला मिळतो म्हणे."
असतो. देतो. बसवूनही देतो.
तेवढा वेळ दोघंही भांड्याच्या तळाशी बघत राहतो.
तिथं काहीच नसतं.

अक्काताई खोत, कवठेपिरान.
फ्रीज माझ्याकडचाच, सात महिन्यांचा, गार होत नाही.
कंपनीला फोन लावला.
मराठीसाठी तीन दाबा. दाबलं.
आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.
मग बासरी.
मेकॅनिक कोल्हापुरातून निघालाय म्हणाले,
चार दिवस तो निघतच होता.
अक्काताई काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या,
"कंपनीचं तोंड मी बघितलं न्हाई.
तुमच्या तोंडाकडं बघून पैसं मोजल्यात."
आणि पिशवीतनं डबी काढली, इन्शुलिनच्या दोन बाटल्या.
"ह्या कुठं ठेवू, सांगा आता."

शोरूममधल्या फ्रीजना मी वीज देत नाही.
दार उघडून दाखवायला काय लागतं?
त्या दिवशी एकाची पिन लावली.
आत दिवा लागला,
कॉम्प्रेसर घसा खाकरून बोलायला लागला,
रिकाम्या दुकानात कुणी आल्यागत.
दहा दिवस त्या बाटल्या अंड्यांच्या खाचेत बसल्या होत्या.
कुणी दार उघडलं की मी म्हणायचो,
"तो विकायचा नाही. भरलाय."

अण्णा गॅरंटी कार्डावर शिक्का मारून
त्यावर फुंकर घालायचे.
पुरात कार्डांचा लगदा झाला.
लोक ओल्या पावत्या घेऊन आले, काही नुसतेच आले.
अण्णा विचारायचे, "घेतला कधी?"
"थोरलीच्या बारशाला."
"मग आहे की गॅरंटी."
हे कंपनीला कळवता येत नाही.
त्याला बटण नाही.

दस्तगीर मुलाणी बारा वर्षं माझ्याकडं फिटर.
एकेका पगाराला दोन-दोन महिने लागायला लागले,
तेव्हा त्यानंच विचारलं, "जाऊ का मी?"
मला विचारायला लावलं नाही, एवढं खरं.
आता पार्सलं वाटतो.
भर दुपारी माझ्याच पंख्याखाली पाणी पितो,
पाठीवरची बॅग त्याच स्टुलावर ठेवतो
जिथं त्याचे पाने आणि पक्कड असायची.
आज म्हणाला, "समोरचे शिरगुप्पे वकील जेवायला गेलेत.
फोनवर म्हणाले, मगदूमांकडं ठेव."
बॉक्सची नावाची बाजू त्यानं स्वतःकडं वळवून धरली होती.
मला मापावरून कळतं.
साडेसातशे वॅट, तीन भांडी.
तोच आहे माझ्याकडं, मागच्या दिवाळीपासून.

दस्तगीर गेला.
बॉक्स काउंटरखाली सारायला वाकलो,
तसाच उठलो.
स्टुलावर चढून तो वर ठेवला,
रेघेच्या दोन हात वर,
माझ्या मिक्सरला चिकटून.

चार वाजता वकील येतील.
कपलर संपत आलेत,
डझनभर सांगून ठेवायला हवेत.