पाळी सुटल्याची नोंद

चिंगळी आमच्यात आली तेव्हाच
तिच्या पंखांवर शाई होती.
तळ्यातल्या साती आसरांची ही आठवी.
बहिणी माणसं ओढायच्या,
ही त्यांच्या खिशातले कागद ओढायची,
पायरीवर वाळत घालून दुपारभर वाचायची:
रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी, अर्धं प्रेमपत्र.
शेवटी बहिणीच म्हणाल्या, जा बाई,
तुझ्यानं कुणी बुडायचं नाही.

आम्ही चौघं तेव्हा नावाजलेले.
गुरुपाद, ज्यानं होटगीच्या माळावर
दोन तोंडांचा लांडगा मांडीखाली दाबला.
यल्लूबाई, विड्या वळून वळून बोटं अशी
की कुलपं तिला बघून आपसूक सैल व्हायची.
बाशू गोफणवाला, नेम धरताना डोळे मिटायचा.
आणि मी, नरसय्या. माझ्याकडे ढाल,
मोडक्या मागाच्या बीमची चकती.

त्यात ही, कडक भाकरीएवढी.
शेंगाचटणीचा ठसका लागला
की तीनदा छताला आपटायची.
लढाईत आम्ही ओरडायचो, मंत्र टाक!
ती म्हणायची, थांबा, संदर्भ बघते.
कागद परवडत नाही म्हणून
सगळं पंखांवरच लिहायची, बारीक मोडीत,
आणि शिकेल तितकी खाली उडायची.
चैत्रात आमच्या डोक्यावरून,
वैशाखात कमरेपाशी,
पुढे माझ्या सायकलच्या कॅरिअरवर.

मग भोंग्याचं काम आलं.
गिरणी बंद, माग विकलेले,
भोंगा तर कधीच भंगारात गेलेला.
तरी रात्री सव्वाबाराला वाजायचा
आणि पूर्वभागातले म्हातारे झोपेतच उठून,
चाचपत रिकामा डबा घेऊन
डोळे मिटून फाटकापर्यंत चालत जायचे.
उजाडेपर्यंत उभे. ओळीत.

गुरुपाद धुराड्याशी झोंबला,
चार विटा पडल्या.
बाशूचा दगड आवाजातून आरपार गेला.
यल्लूबाईनं अकरा कुलपं उघडली,
शेवटच्या खोलीत नुसतं कपाट,
कपाटात हजेरीबुकं.
मी ढाल धरून उभा होतो.
आवाजापुढे ढाल म्हणजे जेवणाचं ताट.

चिंगळी म्हणाली, तीन रात्री द्या. आणि रॉकेल.

तिसऱ्या पहाटे डोळे चोळत बाहेर आली.
शेवटच्या दिवशी पाळी भरल्याची सही आहे,
सुटल्याची नाही.
राक्षस कसला, गुरुपाद,
त्याला कुणी घरी जा म्हटलंच नाही.

त्या रात्री फाटकावर बसून तिनं नावं वाचली.
झोपेतून एकेक आवाज येत गेला:
हजर. हजर. हां जी. उन्नानु. हजर.
मग पंखाचा उरलेला कोरा कोपरा ताणून
तिनं लिहिलं, पाळी सुटली.
भोंगा एकदाच वाजला, लांबलचक,
आणि पोटभर जेवून उठावं तसा थांबला.
म्हातारे जागे झाले.
बनियनवर आहोत म्हणून लाजले,
एकमेकांकडे तंबाखू मागून घरी गेले.

बक्षीस म्हणून पेठेनं नारळ दिला, एक चादर दिली.
चादर माझ्याच मागावरची. डाव्या काठाला
तुटलेला धागा मी ओळखला.

पण पान एक्केचाळीसवर
कसरीनं एक नाव खाल्लंय.
शेवटचं "य्या" तेवढं उरलंय,
आणि आमच्या अर्ध्या गल्लीचं नाव "य्या"नंच संपतं.
तो अजून येतो. भोंगा नाही तरी येतो.
हिप्परग्याच्या पाण्यात काहीतरी उठलंय,
लोक बोलवायला येऊन गेले दोनदा,
गुरुपाद चिडून दंड थोपटतो.
ही मात्र फाटकाशी त्या म्हाताऱ्याजवळ बसून
हळूहळू विचारते,
राजय्या? लच्चय्या? कोमरय्या?
तो झोपेत मान हलवतो, नाही.

पंख भरले म्हणून आता
माझ्या ढालीवर तेलुगू गिरवते.
काल रात्री मला डुलकी लागली होती,
तिनं हलवून उठवलं:
नरसय्या, तुमच्या य्यात य किती?