डोळ्यांत थेंब घातल्यावर

एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून
मी बस चालवली, गोर्साइनन ते स्वॉन्झी,
धुक्यात, रविवारी, नाताळच्या आदल्या रात्री गाणाऱ्या दारुड्यांसह,
आणि आज माझ्या नातीच्या वयाची एक नर्स
म्हणाली, वर बघा, छताकडे,
आणि दोन-दोन थेंब टाकून मोकळी झाली.
सहा तास गाडी चालवायची नाही हं, मिस्टर प्रॉसर.
म्हटलं, चालवतोय कोण?
गाडी मार्चमध्येच विकली.

कॅलेंडरवर एकाच चौकोनात दोन नोंदी होत्या,
ग्लेनिसच्या मुंगीएवढ्या अक्षरात:
डोळे, ९.४०.
खाली: नेरिस, ट्रक.
इस्पितळाची तारीख बदलायची तर फेब्रुवारी उजाडला असता,
आणि ट्रक काय कुणाच्या डोळ्यांसाठी थांबतो?
ग्लेनिसचा खुबा नवा, पायऱ्या जुन्या. ती घरीच राहिली.

अकरा नंबर पकडली. पास दाखवला. फुकट.
चालवणारी मुलगी होती, केस निळे,
ब्रेक जरा उशिरा मारत होती.
निदान मला तसं वाटलं,
कारण प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय
खालचा पत्रा दाबत होता,
त्याचा पगार अजून चालू असल्यासारखा.

बाहेर सगळं पांढरंफटक.
ऑक्टोबरचं एरवी गरीब असलेलं ऊन
दुकानांच्या काचांवरून थेट मेंदूत.
माणसांना कडा उरल्या नव्हत्या.
थांब्यावरची एक बाई चॅपेलच्या भिंतीत विरघळली
आणि बस सुटल्यावर पुन्हा बाई झाली.

गावर्टनला अर्धं घर रस्त्यावर आलेलं.
खोक्यांवर जाड मार्करने काय काय लिहिलं होतं,
मला सगळीकडे काळे सुरवंट दिसत होते.
काचेची भांडी मी नेऊन बुटांच्या ढिगावर ठेवली.
डॅड, तू बस, नेरिस म्हणाली, आणि एक खुर्ची दिली.
बसलो.
मग ती खुर्चीही ट्रकमध्ये गेली.

ॲबर्डीन किती लांब, ते जावई मैलांत सांगत नाही.
म्हणतो, वाटेत एक मुक्काम.
मी मनातल्या मनात फेऱ्या मोजल्या,
गोर्साइनन ते स्वॉन्झी,
पन्नासच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

शेवटी निघाला तो उभा दिवा.
पितळी खांब, पिवळी टोपी,
आम्हीच दिलेला, लग्नात.
तिकडचं छत बुटकं आहे, ती म्हणाली, आणि टाकवत तर नाही.
म्हणजे काय, ते मला कळलं.
मग तिने मला मिठी मारली.
चेहरा नाकापाशी आला तरी धुरकटच,
पण चिकटपट्टी, करपलेला टोस्ट, घाम:
वासावरून माझीच पोर होती.

परतीला तीच निळी मुलगी.
ह्याचं तिकीट? तिने विचारलं.
म्हटलं, ह्याचाही पास आहे, ज्येष्ठ नागरिक.
ती हसली असावी. दात तेवढे चमकले.
खिडकीची जागा मी दिव्याला दिली.
त्याची टोपी वळणावळणाला माझ्या खांद्यावर टेकायची,
वायर मी मनगटाला गुंडाळून ठेवली होती,
लहान मुलाचा हात धरावा तशी.

पाचच्या सुमारास बाहुल्या आकसल्या.
आधी परतल्या चहाच्या कपावरच्या भेगा,
मग ग्लेनिस, कपाळावरच्या आठीसकट.
दिवा कुठे ठेवायचा यावर
आम्ही तीन कोपरे भांडलो.

रात्री त्याच्याच उजेडात इस्पितळाचं पत्र वाचलं.
प्रकृती स्थिर. पुढची तपासणी चौदा महिन्यांनी.
खाली ठळक अक्षरांत:
येताना सोबत कुणालातरी आणावे.

ग्लेनिसने विणकामातून मान वर केली नाही.
दिवा ने, म्हणाली.
त्याला बसचा रस्ता माहीत झालाय.