मासळीचा काटा

पहाटे साडेपाचला, वेंगुर्ल्याच्या बंदरावर
लिलाव सुरू व्हायच्या आत
मासळीचा काटा अर्धा तास आमचा असतो.
ओल्या फडक्याने पुसतो मी तो,
तरी कडेला खवले राहतातच, अभ्रकासारखे.
करुणा मालंडकर चपला काढून उभी राहते:
बावन्न किलो चारशे.
"सर, तुमी माका बांगडो समाजलास काय?"
सर नव्हे मी,
कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळणारा मदतनीस,
पण हा वाद तिने कधीच मिटवून टाकलाय.

गेल्या माघात बत्तिसाव्या किलोमीटरला
तिच्या पोटऱ्यांत गोळे आले, सुपारीएवढे.
घरी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तिच्यावरून.
मीठ बरोबर होतं, म्हटलं मी,
फक्त बाहेरून दिलंत.
(खरं तर गोळे मिठावाचूनच येतात का,
यावर पुस्तकं अजून भांडतायत.
तिला हे सांगितलेलं नाही.)

माझे तापमापक दोन, एकाच्या बुडाला ओली वात.
एक म्हणतो सत्तावीस, दुसरा सव्वीस.
एवढ्याशा फटीतून तिचा घाम वाळायचा.
वाळला तर अंग निवतं,
नुसता ठिबकला तर फुटकी कळशी.
"म्हणून काळीज धडधडतं तुझं.
तू कमी पडतेस म्हणून नव्हे."
ती ऐकत नाही,
छातीवरचा नाडीचा पट्टा घट्ट करते,
उसना आणलेला, सावंतवाडीच्या डॉक्टरांकडून.
त्यांनीच रक्त तपासलं, लोखंड तळाला गेलेलं.
गोळ्या ती घेते, चहाबरोबर नको म्हटलं तरी
चहाबरोबरच.

भरती-ओहोटीचं कोष्टक मी छापून नेलं.
सासऱ्याने जाळं शिवता शिवता, न बघताच:
"पुनवेक सकाळी सहाक सुकती."
कोष्टकात सहा वाजून चार मिनिटं.
ओली वाळू कठीण असते, पाय रुतत नाही,
वर कोरड्यात तेवढ्याच अंतराला दीडपट शीण.
म्हाताऱ्याला हे अंकांशिवाय ठाऊक होतं,
त्याने आयुष्यभर त्या वाळूतून होडी ओढली.

मग मी म्हटलं,
दहातले आठ दिवस हळू धाव,
बोलता येईल इतकंच.
"हळू धावान खंय कोण जिकता?"
पण धावते. आणि बोलते.
कोलंबीचा भाव, दिराचं बंद पडलेलं इंजिन,
जावेने परत न केलेला कुकर.
मागून सायकलवर
दम मलाच लागतो.

आणि त्या सकाळी,
बावीस किलोमीटर संपवून
ती काट्यावर चढली:
बावन्न किलो चारशे.
निघतानाचंच.
उतरवलं, पुन्हा चढवलं. तेच.
दोन तास धावून जराही न घटलेलं माणूस
मी कुठल्या पुस्तकात पाहिलं नव्हतं.
मग दिसली वेणी, तिच्यातून निथळणारं पाणी,
खिशातून सांडणारी वाळू.
"मोचेमाडसून येताना गरम झाला,
म्हणान मारलंय उडी."

चिडलो मी. महिन्याभराची रेघ मोडली होती.
तिच्या पायांशी काट्यावर तळं,
आणि लिलाववाला ओरडत होता, काटा सोडा रे!
वहीत लिहिलं:
नोंद बाद. कारण: समुद्र.

रात्री पट्ट्यातले आकडे उतरवत बसलो.
विसाव्या किलोमीटरला नाडी एकशे सहासष्ट.
मग सव्वा मिनिट ती जागेवरच.
मग शेवटचे दोन किलोमीटर, त्याच वेगाने,
एकशे अठ्ठेचाळीस.
दोनदा तपासलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
बाहेर गाज चालू होती, रोजच्यासारखीच.

"बाद" खोडलं नाही.
फक्त पुढच्या पानावर
पट्टी धरून एक रकाना वाढवला,
वर लिहिलं: उडी.