सात नंबरची बस

रविवार म्हणजे इथला सोमवार.
सोहारच्या शाळेत, स्टाफरूममध्ये,
कुरुविला सरांनी भिंतीवर तक्ता चिकटवला
आणि लाल रकान्यांवर पट्टी टेकवली.
तिसरी ब, गणित. अकरा मुलं.
अकरा, म्हणाले, पंक्चर मोजावेत तसे.
उपाय आधीच ठरले होते:
स्मार्ट बोर्ड, जादा तास, घरी तीन पानं,
पालकांना पत्र, त्यावर गोल शिक्का.

तिसरी ब माझी. मी गप्प.
बावन्न वजा सत्तावीस.
इर्फान मापारी दरवेळी पस्तीस लिहितो.
सातातून दोन काढतो, मोठ्यातून लहान,
कुणाकडे काही उसनं मागावं लागत नाही अशा बेतानं.
हातचा घ्यायचा असतो, हे मी शिकवलं
त्या दिवशी त्याची मान बाकावर होती.
तशी रोजच असते.

एका सकाळी फाटकात उभी राहिले.
खमीसनं बस थांबवली, इंजिन चालूच,
"टीचर, ये बच्चा लोग नींद में आता है.
साहम से पाँच बजे उठाता मैं.
गेट पे हॉर्न मारता, तब आँख खोलता."
एकेक उतरलं, गालावर सीटच्या शिवणीचा वळ,
कुणाच्या हातात बूट.

त्या रात्री हजेरीपटाशेजारी बसची यादी ठेवली
आणि पेन्सिलीनं खुणा करत गेले.
अकरांतले नऊ सात नंबरचे.
पेन्सिल खाली ठेवली. चहा गार झाला होता.
चार वर्षं मी या मुलांना
"लक्ष कुठंय तुझं?" विचारत होते.

कुरुविला सरांनी चष्मा काढला.
"बस हा अभ्यासक्रमाचा भाग नाही, मिसेस खांबेटे."
पण फोन लावला. एक नाही, चार लावले.
आठ दिवस भांडण चाललं.
"जवळ राहायचं भाडं भरतो आम्ही,"
एक आई म्हणाली, आणि तीही खोटं बोलत नव्हती.
शेवटी एका बसच्या दोन झाल्या,
पाचाचे पावणेसहा झाले,
आणि गणित पहिल्या तासावरून तिसऱ्यावर गेलं.
पहिल्या तासाला मोतालेब खबूस आणतो,
मुलं खातात, जोडीजोडीनं वाचतात,
पुस्तकांना चीज लागतं. लागू दे.

मग मी खजूर आणले.
दहा-दहाची पाकिटं, तोंडं चिकटवलेली.
पाच पाकिटं, दोन सुटे.
"इर्फान, मला सत्तावीस दे."
त्यानं दोन पाकिटं लगेच सरकवली.
मग सुटे दोन. मग थांबला.
पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
हात पाठीमागे घेतले.
"फोड की."
"अब्बा म्हणतात, पाकीट फोडलं
की पगारातून कापतात."

त्याचे अब्बा साहमच्या सुपरमार्केटात मांडण्या लावतात.
हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"हे शाळेचं आहे," मी म्हणाले. "फोडण्यासाठीच आणलंय."
त्यानं दातानं फोडलं.
पाच मोजून दिले, उरलेले पाच
आपल्या दोन पाकिटांशेजारी मांडले,
पुन्हा मोजले, बोट लावून.
पंचवीस.
मग विचारलं, आता खाऊ का.

मार्चमध्ये अकराचे सहा झाले.
अहवालात श्रेय स्मार्ट बोर्डाला गेलं,
जो जानेवारीपासून बंद आहे.
खमीसला सांगितलं तर तो हसला,
आरसा पुसत राहिला.

उरलेल्या सहांत देवनंदा आहे.
ती शाळेच्या समोरच राहते,
बस नाही, पहाट नाही,
रस्ता ओलांडला की घर.
खबूस खाते, खजूर मोजते,
आणि कागद आला की पेन्सिल चावत बसते.
तिचं काय, मला अजून कळलेलं नाही.
उद्या सुटल्यावर
तिच्याबरोबर रस्ता ओलांडणार आहे.