कानाडोळा

तांबट आळीत जन्मलेल्याला
शांतता म्हणजे काय ते सुतकातच कळायचं.
एरवी सकाळी आठपासून
साठ-सत्तर हातोडे तांब्या-पितळेवर,
आणि आई त्या गोंगाटातून
एकट्या बाबांचा ठोका थांबलेला ओळखून
तव्यावर भाकरी टाकायची.

मीही चाळीस वर्षं मठारकाम केलं.
हंडे, बंब, घंगाळं, रुखवताची भातुकली.
कुणी सांगितलं नव्हतं की प्रत्येक ठोका
एक भांड्याला बसतो, एक कानाला.
भांड्यावर निदान नक्षी उमटते.

पहिल्यांदा गेला तो तांबट पक्षी,
मागच्या पिंपळावरचा. टुक, टुक, टुक.
नावानं आमचाच भाऊबंद.
मला वाटलं, झाड सोडून गेला.
मग फोनची घंटा गेली, मग नातीचं बोलणं.
बायको म्हणते, तिचं बोलणं
लग्नापासूनच गेलेलं होतं.

कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला:
रेघ सरळ निघते
आणि कसारा घाटासारखी एकदम खाली.
मशीन बसवलं. त्यात चमचे ऐकू येतात,
माणसं नाहीत.

निवृत्ती गांगुर्डे माझ्याकडे एकतीस वर्षं
चिंच लावून भांडी घासायचा.
जन्मापासून बहिरा.
अख्खी आळी त्याला मुका म्हणायची. मीही.
खरं नाव फक्त पगाराच्या वहीत.
माझ्याजवळ त्याच्यासाठी चारच खुणा होत्या:
ये, घे, लवकर, उद्या.

एकदा तयार हंडा त्यानं परत माझ्यापुढे ठेवला.
मी टिचकी मारली. नाद चोख.
त्यानं हंड्याच्या पोटावर तळवा टेकवला,
मान हलवली. नाही.
मी ओरडलो, मग कानाडोळा केला,
तेव्हा दोन्ही शाबूत होते.
आठ दिवसांत हंडा गळायला लागला.
गिऱ्हाइकाचे पैसे परत केले.
त्याला काही बोललो नाही,
चार खुणांत ते बसत नव्हतं.

आता दर गुरुवारी संध्याकाळी
मी गंगेवर त्याच्या लोकांत जाऊन बसतो.
दहा-पंधरा जण, मोठ्या दिव्याच्या बरोबर खाली,
कारण अंधारात त्यांचा आवाज बसतो.
ओझरच्या कारखान्यातला फिटर, एक सोनार,
पंचवटीतली शिवणकाम करणारी कुमुदिनी.
एका वेळी चौघं बोलतात,
कुणाचं कुणात मिसळत नाही.
माझा पंजा हातोड्याच्या दांड्याएवढाच मिटतो,
करंगळी एकटी उभी राहत नाही.
परवा मी चहा मागितला,
त्यांना हत्ती दिसला. अजून हसतात.
कुमुदिनी उसवलेली शिवण धरावी
तशी माझी बोटं धरून सरळ करते,
मग कपाळाकडे बोट दाखवते:
प्रश्न विचारतोयस ना? मग भुवई कुठंय?

तिथे प्रत्येकाचं एक खुणेचं नाव असतं.
मला कधी देणार, विचारलं.
सगळे निवृत्तीकडे बघायला लागले.
माझं नाव होतंच. एकतीस वर्षांपासून.
त्यानं मिटलेली मूठ तोंडापाशी नेली
आणि झटक्यात पाचही बोटं उघडली.

ओरड्या.

बदलता येईल?
नाही. नाव ते नाव.

माफीची खूण मी अजून शिकलो नव्हतो,
म्हणून शाळेत धरायचो तसे
दोन्ही कान धरले.
तेवढ्या कामाचे ते अजून आहेत.

निवृत्ती बराच वेळ बघत राहिला.
मग त्यानं विचारलं, मशीन टोचतंय का?
आणि हसला, अख्खं अंग हलवून.
ते हसणं मी दुकानात शेकडो वेळा ऐकलंय,
गिऱ्हाईक दचकतं म्हणून
दर वेळी गप्प केलंय.
आज ऐकू आलं नाही.

मी त्याच्या पाठीवर तळवा टेकवला.